आधी पिवळा, मग जांभळा

ता. ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सगळ्यात आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की कांदा काढताना आधी गडद जांभळा भरायचा आणि त्यावर पिवळा. ते चूक आहे, साफ उलटं आहे. मऊ रंगीत पेन्सिलींत फिका रंग आधी येतो. पिवळा, मग गुलाबी, आणि जांभळा अगदी शेवटी. या पेन्सिलींत मेण असतं. गडद रंग एकदा दाबून बसला की कागद गुळगुळीत होतो आणि वरचा फिका रंग नुसता घसरतो. तू अजून सुरुवात केली नसशील अशी आशा आहे. केली असशील तर हातातली पेन्सिल खाली ठेव.

चूक कुठे लक्षात आली तेही सांगते. काल दुकानात एका गृहस्थांच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवून बघत होते आणि एकदम तुझा कांदा डोळ्यांपुढे आला, जांभळा आधी लावलेला. मी तशीच त्यांच्या नाकाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनीच घाबरून विचारलं की नाकात काही बिघाड आहे का.

आता दुसरी गोष्ट. ही सांगितली नाही तर मला चैन पडणार नाही. पेन्सिलींची पेटी मी तुला भेट म्हणून पाठवली हे खरं, पण अर्धंच खरं. आमच्या संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गातल्या बाईंना दिवस गेलेत, आणि जुळं आहे! बाई आनंदात आहेत, पण डॉक्टरांनी मार्चच्या मध्यापासून जिने चढायला बंदी केली आहे आणि आमचा वर्ग आहे सायकलच्या दुकानाच्या माडीवर. बाईंनी मला विचारलं की त्या परत येईपर्यंत वर्ग मी घेईन का. मला, आत्या! मी मागे वळून पाहिलं, कुणा दुसऱ्याला विचारतायत का ते. मागे भिंत होती.

वर्ग कुणीच घेतला नाही तर खोली टायपिंगवाल्यांना जाईल. मग आमचे ड्रायव्हरकाका, ज्यांनी जन्मभर बस चालवली आणि आता जन्मात पहिल्यांदा फुलं काढतायत, ते कुठे जाणार? नर्सताई कुठे जाणार? बाईंना या महिन्याच्या शेवटापर्यंत उत्तर हवंय. म्हणून मी मनाशी ठरवलं की आधी कुणाला तरी पत्रातून शिकवून पाहायचं. जिला चित्रातलं काही येत नाही आणि जी कुणाचं काही ऐकत नाही अशी एकच व्यक्ती मला माहीत आहे. तिला जमलं तर हो म्हणायचं.

माझी भीती एकच. मी कुणाला चुकीचं शिकवलं तर? हा रंग खोडता येत नाही. रबर फिरवला तर डाग पसरतो आणि कागदाचं कातडं निघतं. माझ्या शब्दावर विसंबून कुणी आपलं चित्र घालवलं तर मी ते परत कसं देणार? आणि बघ, पहिल्याच धड्यात मी नेमकं तेच केलं.

शिवाय माझं मलाच अजून दाबता येत नाही. मी पेन्सिल इतकी हलकी फिरवते की बाई म्हणतात, माझ्या कागदाकडे पाहून वाटतं की चित्र येऊन गेलं, आपण घरी नव्हतो. याचं मूळ तुझ्याच घरात आहे. तुझ्या कापायच्या टेबलाखाली बसून मी शिवणाच्या खडूने चिंध्यांवर अक्षरं शिकले. घरात रबर नव्हता. चुकलं की एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं, हा तुझा कायदा. दुसऱ्या कुणाला त्याने धीर आला असता. मी मात्र पांढऱ्या चिंधीवर पांढऱ्या खडूने लिहायला लागले, म्हणजे चूक दिसायलाच नको. टिंबाएवढंही दिसू नये असं लिहिणारी म्हणून त्याच दिवसापासून तू मला टिंबू म्हणायला लागलीस.

हे पत्र पहिल्यापासून पुन्हा उतरवून काढलंय, कारण मधे एक शब्द खोडावा लागला होता. आजोबांना नमस्कार सांग. लोभ असू दे. रागावलीस तर लोभासकट रागाव.

तुझी,
टिंबू


ता. १२ फेब्रुवारी

चि. टिंबूस,
अ. उ. आ.

तुझं दुरुस्तीपत्र पोचलं. तोपर्यंत कांद्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तू सांगितलंस तसं केलं. कापायचं टेबल रिकामं केलं, बटणांच्या डब्यावर कांदा ठेवला आणि जांभळा घेतला. तू मऊ मऊ म्हणून लिहिलं होतंस, पण इतकी मऊ असेल असं वाटलं नव्हतं. लोणी फासावं तसा रंग उतरतो. मला आपली खडूची सवय. कापडावर रेघ मारायची ती एकदाच आणि ठासून, नाहीतर कात्री कुठे चालवायची ते कळत नाही. तसाच ठासून रंग भरला. टोक मोडलं. पुन्हा टोक काढलं, पुन्हा मोडलं. शेवटी कांदा असा चमकायला लागला की त्यात तोंड बघून घ्यावं. मग तू सांगितलेला पिवळा लावायला गेले तर तो वरून नुसता सरकतोय. मला वाटलं पेन्सिलच खराब निघाली. पेटीवर ज्याचा पत्ता आहे त्या दुकानदाराला चार शब्द सुनावणारं पत्र लिहायला बसणार होते, तेवढ्यात तुझं पत्र आलं. वाचला बिचारा.

तुझ्या आजोबांनी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं, आणि विचारलं की हे वांगं आहे का कुणाला मार लागलाय. मी सांगितलं की कांदा आहे. त्यावर ते म्हणाले की मग ह्याला नक्कीच मार लागलाय. दिवसभर स्वतःच्याच विनोदावर हसत होते. जेवताना ठसका लागला.

आता तुझ्या परीक्षेबद्दल. मला न विचारता माझी परीक्षा घेतेस आणि वर लिहितेस की मी कुणाचं ऐकत नाही. अगं, ऐकलं म्हणून तर ही पाळी आली! न ऐकता आधी पिवळा लावला असता तर आज माझा कांदा भिंतीवर असता. तुझी सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थिनी मीच निघाले बघ, आणि आज्ञाच चुकीची.

हे गमतीत लिहिलंय. तू लगेच रडायला बसशील म्हणून स्पष्ट करते, गमतीत लिहिलंय. चित्र फाडलेलं नाही. आपल्या घरात फाडायची पद्धत नाही. टेबलाच्या कडेला पडलंय, त्यावर सध्या टाचण्यांची उशी ठेवली आहे.

दुकानात कोटांची गर्दी आहे. एका गिऱ्हाइकाला कोट ढगळही हवाय आणि अंगासरशीही हवाय. पत्र पुन्हा उतरवायची तुझी खोड सोड. खोडलेला शब्द पाहून मला झीट येत नाही.

तुझ्यावर जीव आहेच, तो कुठे जात नाही.

तुझी,
आत्या


ता. १८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू गमतीत लिहिलंस हे मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि पटवून घ्यायचा प्रयत्न केला. पण खरं ते खरं. मी सांगितलं आणि त्यामुळे तुझं चित्र बिघडलं. तू आत्या आहेस म्हणून हसलीस. ड्रायव्हरकाका हसतील का? ते दर खेपेला कागदाला नमस्कार करून सुरुवात करतात.

तेव्हा माझं ठरलंय. बाईंना नाही म्हणायचं. काल वर्गात सांगणारच होते. पण काकांनी भोपळा काढला होता आणि तो इतका हुबेहूब बसच्या चाकासारखा आला होता की बाई हसता हसता खुर्चीत बसल्या, आणि मग सगळेच त्यांना पाणी द्या, वारा घाला करत राहिले. काकांचं म्हणणं, हात चाळीस वर्षं गोलच फिरलाय, त्याला दुसरा आकार येत नाही. बाई म्हणाल्या की निदान त्यांचा गोल तरी लांबून दिसतो. एवढं बोलून त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिलं. मी जास्वंदीचं फूल काढत होते. सगळ्या छटा होत्या गं त्यात, खरंच होत्या, पण कागद खिडकीपाशी तिरका धरला तरच दिसत होत्या. नर्सताईंनी विचारलं की मी सुरुवात कधी करणार.

नाही म्हणायचं म्हटल्यावर खरं तर हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाहीये. जिन्याने वर जाताना सायकलींच्या तेलाचा वास येतो, मग दार उघडलं की पेन्सिलींच्या लाकडाचा. त्या दोन वासांच्या मधल्या पायरीवर मला रोज उगाचच हसू येतं. तिथे टायपिंगचा खडखडाट ऐकायला लागेल या विचाराने मी त्या पायरीवरच थांबते. पण माझ्या हौसेपायी दुसऱ्यांचे कागद बिघडवायचे का?

मास्तरीण म्हणून नाही, भाची म्हणून थोडं सांगते, कारण अर्धवट सोडलं तर तेही मला लागून राहील. पेन्सिल टोकाशी धरू नकोस, मागे धर, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. छोटे छोटे गोल करत रंग चढव. एक थर, मग दुसरा, मधे घाई नको. टोक काढताना पेन्सिल स्थिर ठेव आणि शार्पनर फिरव, म्हणजे आतलं मऊ शिसं पिळवटून मोडत नाही. हे सगळं मी बाईंना पुन्हा विचारून खात्री करून घेतलंय. या वेळी चूक नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंना सांगून टाकीन. आजोबांचा ठसका थांबला का? माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
टिंबू


ता. २३ फेब्रुवारी

चि. टिंबूस,
अ. उ. आ.

खबरदार बाईंना काही सांगितलंस तर. हे पत्र आधी शेवटपर्यंत वाच. सोबतच्या पुठ्ठ्यात काय आहे ते मात्र आत्ता उघडायचं नाही.

परवा त्या ढगळ-अंगासरशी कोटाला टाके घालत होते. सुई ठेवायला उशी उचलली तर खाली तुझा कांदा. उशीच्या भुशाचा एक कण त्या मेणात रुतून बसला होता. हातात सुई होतीच, तिच्या टोकाने तो उकरायला गेले. कण निघाला, पण त्याबरोबर जांभळ्या रंगाची बारीक सालही निघाली आणि खाली एक पांढरट रेघ उमटली. आधी म्हटलं, झालं, आता हेही गेलं. मग डब्यावरच्या खऱ्या कांद्याकडे पाहिलं. त्याच्या सालीवर देठापासून बुडापर्यंत कशा बारीक शिरा असतात, बघितल्यायस कधी नीट? मी इतकी वर्षं कांदे चिरतेय, मी बघितल्या नव्हत्या. माझ्या चित्रावर त्यातली एक शीर आली होती. अगदी तश्शी.

मग काय विचारतेस. कोट बाजूला पडला. कांद्याच्या फुगवट्याबरोबर वळत सुईने एकेक शीर ओढली. मधे दाट, कडेला विरळ. सुई धरायला मला कुणी शिकवायला नको. सगळ्या झाल्यावर, तू सांगितलंस तशी पेन्सिल मागे धरून, हलक्या हाताने वरून पिवळा फिरवला. आणि टिंबू, जो पिवळा मेणावर ठरत नव्हता तो बरोब्बर त्या रेघांत जाऊन बसला. जांभळ्यावर पिवळ्या शिरा. कांद्याला एकदम साल आली.

तुझ्या आजोबांना न सांगता त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. या वेळी त्यांनी विनोद केला नाही. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले की आता हा चिरू नकोस, डोळ्यांना पाणी येईल. आणि मग हळूच विचारलं की त्यांनाही एक कागद मिळेल का. आता दुपारी दोघं टेबलाशी बसतो. काल शेजारची लाँड्रीवाली दुसऱ्या एका कोटाला इस्त्री करून घेऊन आली ती तिथेच बसली. तिने बीट घेतलंय. मी त्यांना काय शिकवते? आधी जांभळा, ठासून. मग सुई. मग पिवळा. तुझा चुकलेला धडा इथे तुझ्या नावाने चालतो. लाँड्रीवालीने विचारलं की ही पद्धत कुणाची, तर तुझे आजोबा छाती काढून म्हणाले, आमच्या नातीची.

आता नीट ऐक. तू मला बरोबर क्रम सांगितला असतास तर मी एक बरा कांदा काढला असता आणि पेटी कपाटात ठेवली असती. तू चुकलीस, आणि चुकल्याबरोबर स्वतःहून सांगितलंस, काय चुकलं आणि का चुकलं ते. मेण म्हणजे काय, रंग घसरतो का, हे तुझ्या दुरुस्तीमुळेच मला कळलं. नाहीतर मी अजून दुकानदाराशी भांडत बसले असते. मास्तरणीकडून आणखी काय हवं असतं माणसाला? तुझ्या परीक्षेत मी पास आहे. तू पास की नापास ते माझ्या कांद्याकडे बघून ठरव. पण एक अट आहे. आधी स्वतः एकदा दाब. टोक मोडेपर्यंत दाब. मोडलं तर माझ्या खर्चाने नवीन घे.

आता उघड पुठ्ठा. वर पातळ कागद लावलाय, तो हळू काढ, मेण चिकटेल.

सगळ्यांचे आशीर्वाद. लाँड्रीवालीचेही घे, ती आता माझी गुरुभगिनी झाली.

तुझी,
आत्या

ता. क. कोटाचं गिऱ्हाईक येऊन गेलं. कोट तयार नव्हता. त्याला कांदा दाखवला, तर म्हणाला की पुढच्या आठवड्यात दिलात तरी चालेल.


ता. २ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पुठ्ठा मी दुकानातच उघडला. घरी जाईपर्यंत धीर धरवला नाही. गिऱ्हाइकांच्या नजरेला येऊ नये म्हणून काउंटरखाली धरून पातळ कागद वर केला आणि तिथेच खाली बसून राहिले. आमचे मालक वाकून विचारायला लागले की काही सांडलं का. मी चित्र वर धरलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, ते फक्त महागाच्या काचांसाठी काढतात, आणि शिरा पाहिल्या. मग एवढंच म्हणाले की हे ज्याने केलं त्याला चष्मा लागणार नाही. तुला दोन वर्षांपासून लागलाय हे मी सांगितलं नाही. नाही, सांगितलं. न सांगता राहवेना.

संध्याकाळी वर्गात कांदा बाईंच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मी काय चुकले, तू काय केलंस, उशी, भुसा, सुई, सगळं. मला वाटलं होतं की चूक ऐकून सगळे माझ्याकडे बघतील. कुणी बघितलंच नाही, सगळे कांद्याकडे बघत होते. मग एकच धांदल उडाली. प्रत्येकाला सुई हवी. नर्सताईंनी सांगितलं की त्यांच्याकडे सुया खूप आहेत, पण त्या आणल्या तर नोकरी जाईल. काकांनी खिशातून बसचा जुना बिल्ला काढला, त्याची मागची टाचणी सरळ केली आणि भोपळ्याच्या चाकाला उभ्या शिरा ओढल्या. आत्या, भोपळा झाला गं! खराखुरा भोपळा. काका स्वतःच दचकले. त्यांनी त्याला पुन्हा नमस्कार केला.

आणि मी दाबलं. तू म्हणालीस म्हणून. लाल घेतली, तीच जास्वंद पुढे ओढली आणि डोळे मिटून जोर दिला. मग लक्षात आलं की डोळे उघडे ठेवावे लागतात. दाबून रंग भरताना एक आवाज येतो, अगदी बारीक, मांजराने पाणी प्यावं तसा. इतक्या महिन्यांत मी तो ऐकलाच नव्हता. टोक मोडलं. दुसरं काढलं आणि पुन्हा दाबलं. फूल खोलीच्या त्या टोकावरून दिसायला लागलं. एक पाकळी कडेच्या बाहेर गेली, ती तशीच आहे. नर्सताईंनी लांबूनच ओरडून सांगितलं की अखेर सुरुवात झाली म्हणायची.

मग मी बाईंपाशी गेले. नाही म्हणण्यासाठी जे वाक्य पाठ केलं होतं ते तोंडाशी आलं, पण त्याच्याकडे कुणाचं काही काम उरलं नव्हतं. मी हो म्हटलं. महिना संपायला एक दिवस होता. मी सांगितलं की माझ्याकडून चुका होतील. बाई म्हणाल्या की म्हणून तर त्यांनी काकांना नाही, नर्सताईंना नाही, मला विचारलं. वर्गात आल्याबरोबर आदल्या दिवशीचं काय चुकलं हे सांगणारी मी एकटीच आहे, म्हणे. मला आजवर वाटायचं की त्यांना त्याचा कंटाळा येत असेल. थोडा येतो, असंही त्या म्हणाल्या.

पहिला धडा ठरवलाय. तुझा कांदा फळ्याला टाचायचा आणि सगळ्यांना आधी चुकीच्या क्रमाने करायला लावायचं. जांभळा, ठासून. पिवळा घसरू द्यायचा. का घसरला ते सांगायचं. मग सुया वाटायच्या. बोथट टोकाच्या पाठव ना थोड्या, काकांचा हात मोठा आहे. आणि शार्पनरशेजारी जो रबर पडलेला असतो तो मी खणात ठेवून देणार आहे. कुणी मागितला तर तुझा कायदा सांगीन.

भीती गेली असं समजू नकोस. मी खिडकीतून सायकलवाल्यांना बघत धडा मोठ्याने म्हणून पाहते, तेव्हा आवाज इतका हळू येतो की माझा मलाच कागद खिडकीपाशी धरावासा वाटतो. पण सोमवारी, १६ मार्चला, संध्याकाळी मी त्या जिन्याने वर जाणार आणि सगळ्यांना ऐकू येईल असं बोलणार.

आजोबांना आणि तुझ्या गुरुभगिनीला नमस्कार. तुझा लोभ मी या वेळी मागत नाही, तो पुठ्ठ्यातून आलाच आहे.

तुझी,
टिंबू

ता. क. वर सोळा लिहिलंय ते चूक आहे. सोळाला रविवार येतो. पत्र पुन्हा उतरवत नाहीये. त्यावर एक रेघ मारली आहे, खालचं दिसेल अशी. सोमवार, १७ मार्च.